साठ कागदांची भिंत

रत्नागिरीला परतल्यापासून भेटेल तो मला वेरूळबद्दल विचारतो आणि प्रत्येकाला मी निराश करते. औरंगाबादेकडे मी चार दिवस होते. त्यांतले दोन दिवस लेण्यांपासून अगदी जवळ, मध्ये केवळ एक डोंगर, अशा अंतरावर काढले. तरीही लेणी पाहिली नाहीत. ऐकणाऱ्याचा चेहरा उतरतो. एवढे लांब जाऊन हिने केले तरी काय, असे त्यावर स्पष्ट वाचता येते. मी पाहिली ती एका परसातली चुन्याची भिंत. तिच्यासमोर अर्धा दिवस उभी होते, आणि तिथे बसलेला धक्का अजून अंगातून पुरता उतरलेला नाही. ज्यांना लेण्यांविषयी वाचायचे असेल त्यांनी इथेच थांबावे. मी त्या भिंतीविषयी लिहिणार आहे.

औरंगाबाद

पहिल्यांदा चकित केले ते तिथल्या हवेने. कुमुदच्या घरी पोहोचल्यावर स्नान केले, लुगडे धुऊन दोरीवर टाकले आणि जेवायला बसले. हात धुऊन बाहेर येते तो लुगडे खडखडीत वाळलेले. मी ते पुन्हा पुन्हा गालाला लावून पाहिले. आमच्या कोकणात ओल ही घरातल्या माणसासारखी असते. ती उशीत निजते, मिठात उतरते, वहीच्या पुठ्ठ्यावर हिरवी मखमल अंथरते. इथे ओठ फुटले, टाचांना भेगा पडल्या, आणि कोनाड्यात ठेवलेला कागद बोटाने वाजवला तर पत्र्यासारखा वाजला.

कुमुद ही माझी कॉलेजच्या वसतिगृहातली सोबतीण. लग्नानंतर ती औरंगपुऱ्यात राहते, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते, आणि बोलताना मधूनच ‘लई’ म्हणते. तिने मला बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि येसराची आमटी वाढली. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचे आणि मसाल्याचे पीठ. त्याची आमटी तिखट, दाट आणि मातीच्या रंगाची. नारळाशिवाय आमटीला एवढा खोल स्वाद येऊ शकतो, हे मला तोवर ठाऊक नव्हते. संध्याकाळी तिने पाणचक्की दाखवली. डोंगरातून मातीच्या नळांतून आलेले पाणी भिंतीवरून हौदात कोसळत होते आणि त्या कोरड्या शहरात त्याचा तुषार अंगावर घेत माणसे निमूट उभी होती, आमच्याकडे लोक शेकोटीपाशी उभे राहतात तशी.

मी कशासाठी आले होते, ते आता सांगायला हवे. बारा वर्षांत लिहिलेल्या दोनशे अकरा कविता माझ्यापाशी होत्या. फुलस्केप कागदांवर, बहुतेक निळ्या शाईत, प्रत्येक कागदावर एक. प्रत ही एवढीच. पुण्याचे एक प्रकाशक चार वर्षांपासून सांगत होते की पन्नासेक निवडून द्या, पुस्तक काढू. दर वर्षी मी निवडायला बसे आणि दर वर्षी बाड वीस-पंचवीस कागदांनी वाढलेले असे. एक बाजूला ठेवावी तर दुसरी केविलवाणी दिसे. शेवटी त्यांचे पत्र आले: वैशाख संपेतो द्या, नाहीतर हा विषय आपण सोडून देऊ. वय चाळिशीला टेकलेले, नावावर एकही पुस्तक नाही. यावर मी एक युक्ती काढली. दौलताबादेच्या पुढे कागजीपुरा नावाचे गाव आहे, तिथे शतकानुशतके हाताने कागद करतात, असे कुमुदने कधीतरी लिहिले होते. त्या कागदावर सर्वच्या सर्व कविता सुवाच्य उतरवायच्या आणि तो देखणा ग्रंथच प्रकाशकांपुढे ठेवायचा. त्याचे रूप पाहून ते एकही पान गाळणार नाहीत, अशी माझी समजूत होती. निवड टाळण्यासाठी मी दीडशे कोस आले होते. पण त्या वेळी हे मला असे दिसत नव्हते.

कुमुदला मात्र दिसत होते. जुन्या धोतराच्या पानात बांधलेले बाड तिने हातात तोलून पाहिले. “हे म्हणजे आमच्या सासूबाईंची ट्रंक आहे,” ती म्हणाली. “फाटकं झबलंसुद्धा निघत नाही तिच्यातून. आता तू तिला नवी ट्रंक घेणार.”

कागजीपुरा

दौलताबादचा किल्ला मागे पडला, बस घाट चढली आणि रस्त्याच्या कडेला आम्हाला उतरवून निघून गेली. प्रथम आवाज ऐकू आला. धप्प, मग शांतता, मग धप्प; जमिनीच्या आत कुणीतरी सावकाश चालत असावे तसा. ती ढेकी होती. पायाने एक लांब लाकूड दाबायचे, त्याचे दुसरे टोक उचलले जाते आणि खालच्या उखळात आदळते. उखळात भिजवलेली रद्दी. वास चुन्याचा, ओल्या चिंध्यांचा, आणि त्याखाली किंचित आंबूस.

करीमचाचांना कुमुद आधीपासून ओळखत होती. शाळेच्या मुलींना घेऊन ती इथे आली होती. चाचा साठीचे, उंच, पाठीत वाकलेले. पाण्यात राहून राहून पांढुरकी आणि सुरकुतलेली त्यांची बोटे नुकत्याच न्हालेल्या बाळाच्या बोटांसारखी दिसत. जमिनीत खोदलेल्या हौदाच्या काठी ते उकिडवे बसले होते. लाकडी चौकटीवर गवताच्या बारीक काड्यांची चटई. ती दोन्ही हातांनी हौदात उतरवायची, तळाशी आडवी करायची, आणि वर घेताना एकदा पुढे, एकदा डावीकडे असा हलका झोका द्यायचा. पाणी गळून जाते आणि चटईवर साय धरावी तसा कागद धरतो. मी श्वास रोखून पाहत होते. काही नसलेल्यातून एक पान वर येत होते.

काल केलेले, रात्रभर दगडाखाली दाबलेले कागद सकाळी एकेक सोडवून परसातल्या चुन्याच्या भिंतीवर कुंच्याने चिकटवतात. भिंत पूर्वेकडे तोंड करून. दुपारपर्यंत ऊन, मग सावली. हे ऐकता ऐकता मी नकळत भिंतीला टेकले आणि वळले तेव्हा एक अख्खा ओला कागद माझ्या पाठीला चिकटून आला. ओट्यावर बसलेल्या चाचांच्या आई, ज्यांना सारे गाव अम्मा म्हणते, इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. ऐंशी ओलांडलेल्या, दात नसलेल्या, डोळे मात्र सुईत दोरा ओवतील असे.

अम्मांचे काम ओट्यावरचे. शहरातून, शाळांतून, कचेऱ्यांतून रद्दीची गाठोडी येतात. त्यांतला कागदन् कागद त्या हाताखालून घालतात आणि ज्यावर देवाचे नाव असेल तो वेगळा काढतात. कारण पुढे तो पायाखाली जाणार. अम्मांना एकही अक्षर वाचता येत नाही. नवऱ्याने लग्नानंतर काही आकृत्या ओळखायला शिकवल्या होत्या: अल्लाचे नाव, पैगंबरांचे नाव, आणि आपल्याकडचे ‘श्री’ आणि ‘ॐ’. असे कागद दाराशी टांगलेल्या मडक्यात जातात आणि पावसाळ्यात ओढ्याच्या वाहत्या पाण्यात सोडले जातात. आमच्याकडे कागदाला पाय लागला तर हात लावून नमस्कार करतात. पण मुद्दाम शोधून परक्याच्या देवालाही पायाखालून वाचवणारे कुणी असेल, असे मला कधी वाटले नव्हते.

ऊन डोक्यावर येण्यापूर्वीच चाचांनी चौकट धुऊन उभी केली आणि हात पुसले. हौदात खिरीसारखा दाट लगदा अजून होता. न राहवून मी म्हणाले, की अजून पुष्कळ निघतील.

“निघतील की,” चाचा म्हणाले. “लावू कुठं? भिंत साठ कागदांची हाय.”

मला हा विनोद वाटला. तो विनोद नव्हता. कुमुदने विचारल्यावर त्यांनी सांगितले ते असे. त्यांच्या वडिलांच्या काळी या घराचे तीन हौद होते आणि निम्म्या गल्लीच्या भिंतींवर त्यांचेच कागद वाळत. निजामाच्या कचेऱ्यांत तो कागद जाई. घरात बोलायला वेळ नव्हता. जेवताना वडील बोटांवर कागदच मोजत. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचे राज्य गेले, कचेऱ्या बदलल्या, दफ्तराची भाषा बदलली आणि मागणी एका हंगामात आटली. पुढे एक दिवस दाराशी बैलगाड्या उभ्या राहिल्या. जुने दफ्तर रद्दीत निघाले होते. वडिलांनी एक पान उचलून उन्हासमोर धरले, काड्यांच्या खुणा पाहिल्या आणि खाली बसले. तो त्यांचाच कागद होता. तीस वर्षांचा कागद परत घरी आला होता, कुटण्यासाठी.

“अब्बांनी दोन हौद त्याच साली बुजवले,” चाचा म्हणाले. “म्हनले, करीम, आपल्या परसात जेवढी भिंत हाय तेवढंच. मला तवा लई राग आला होता. आता नाय येत.”

पोलीस ॲक्शनला आता दीड तप होत आले. तेव्हापासून रोज साठ. मी माझी मागणी सांगितली, तीनशे कागदांची. चाचांनी मान हलवली. एका माणसाला एका दिवसाचे, साठ. मी म्हणाले, मी थांबेन, आठवडाभर थांबेन. ते म्हणाले, खुशाल थांबा, पण उद्याचे साठ दुसऱ्याचे आहेत. मी वाद घातला, थोडा आवाजही चढवला असेन. माणूस काम नाकारतो आहे, हातात हुन्नर असून, दाराशी गिऱ्हाईक असून. हे मला हट्टाचे, अगदी उद्धटपणाचे वाटले.

“एवढं काय लिवलंय?” त्यांनी शेवटी विचारले.

“बारा वर्षांचं आहे, चाचा,” कुमुद म्हणाली. “हिला टाकवत नाही.”

चाचा हसले नाहीत. बाड ठेवून जा, म्हणाले. कागदाचे माप घेतो, आणि साठात काय बसते ते सकाळी सांगतो. तेवढ्यात त्यांच्या पत्नीने, हमीदाबींनी, जेवायला हाक मारली. मी बाड ओट्यावर ठेवले. ताटात नान आणि खलिया होता: नान हळदीच्या पाण्याने पिवळा, तळव्याहून मोठा, वरून कडक आणि आत कापसासारखा, खलिया म्हणजे लालभडक रश्शातले मटण. मी मासे खाणारी. मटणाने मला आजवर कधी इतके गप्प केले नव्हते. जेवणानंतर बस मिळवण्याच्या घाईत आम्ही निघालो. खुलताबादला कुमुदच्या एका सहशिक्षिकेचे माहेर होते. तिथे मुक्काम, सकाळी कागजीपुरा, दुपारी वेरूळ, असा बेत होता.

दुसरी सकाळ

आम्ही पोहोचलो तेव्हा ढेकी अजून सुरू झाली नव्हती. अम्मा ओट्यावरच होत्या. मला पाहताच त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी मडक्यात हात घातला आणि चार घड्या घातलेला एक कागद काढून माझ्या हातावर ठेवला.

“हे घे बेटी. ह्याच्यावर तुमच्या देवाचं नाव हाय. म्या हे भिजवलं नाय.”

मी घडी उलगडली. वर ‘श्री’, खाली माझे नाव, माझ्याच अक्षरात. माझ्या बाडाचे पहिले पान.

प्रथम मला काहीच कळले नाही. मी ‘बाकीचे?’ असे विचारले असावे, कारण अम्मांनी समाधानाने परसाकडे बोट दाखवले. जुन्या धोतरात बांधलेले लिखित कागद, ओट्यावर ठेवलेले. असे गाठोडे त्या ओट्यावर दुसऱ्या कशासाठी येणार? साठ-पासष्ट वर्षे अशीच गाठोडी तिथे ठेवली जात होती आणि साठ-पासष्ट वर्षे त्या ती सोडवत होत्या. चाचा नमाजाला गेले होते आणि परत आल्यावर माप सकाळी घेऊ म्हणून निजले होते. कुणाचीही चूक नव्हती. त्या घराच्या रीतीने सारे नीट पार पडले होते.

परसात एक दगडी कुंडी होती. तिच्यातले पाणी निळे होते.

मी अनेकदा निळा हा शब्द वापरला आहे. कवितेत तो फार सहज येतो. तो मी वापरलेला प्रत्येक वेळचा निळा त्या कुंडीत उतरला होता. पाण्याच्या तळाशी माझे कागद एकावर एक पडले होते, थोडे सुटे, थोडे चिकटलेले, आणि सकाळचे ऊन त्या पाण्यातून आरपार जात होते. ओरडावे असे वाटले नाही. मी कुंडीच्या काठावर बसले.

चाचा धावत आले. त्यांनी पाणी पाहिले, मला पाहिले, आईला पाहिले. अम्मांना समजले तेव्हा त्यांनी दोन्ही हात तोंडावर धरले आणि त्या तशाच परसाच्या दाराशी बसून राहिल्या. चाचांनी मात्र एक क्षणही माफी मागण्यात घालवला नाही. गिरणीचा कागद आहे, ते म्हणाले, एका रात्रीत विरघळत नाही. शाई थोडी गेली, पण निबाने कोरलेली रेघ राहते. आत्ता सोडवून भिंतीला लावले तर वाळतील. उशीर केला तर एकमेकांत मुरतील.

“आजची भिंत तुमची,” ते म्हणाले. “साठ. झटदिशी, कंचे ते सांगा.”

आणि मग दगडाखाली दाबलेल्या त्यांच्या कालच्या साठ कागदांचे काय, असे मी विचारले. ते हौदात परत जातील, म्हणाले, आले तिथेच. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. बातमी एव्हाना गल्लीत गेली होती. डावीकडच्या आणि उजवीकडच्या दोन्ही घरांतली माणसे दारात येऊन उभी राहिली. त्यांचेही कागद भिंतीला लागायचे होते, पण आमची भिंतही घ्या, असे ती म्हणत होती. तीन भिंती मिळून एकशे ऐंशी. जवळजवळ सारे बाड वाचत होते. फक्त तीन घरांचा एक दिवस पाण्यात जाणार होता.

कुमुदने बाह्या सारल्या आणि कोपरापर्यंत हात बुडवले. पहिला कागद चाचांनी चटईवर अलगद झेलला, भिंतीवर उतरवला, कुंच्याचे दोन फटकारे मारले. उन्हात तो चकाकला आणि मी वाचू लागले. अक्षरे फिकट, पण होती. आईवरची कविता. माझा जीव भांड्यात पडला. दुसरा. तिसरा. पाचव्या कागदावर समुद्र होता. आठव्यावरही समुद्र. बाराव्यावर पुन्हा तोच किनारा, तीच ओहोटी, वाळूत उमटलेली तीच पावले, फक्त क्रियापदे बदललेली. आजवर मी त्या कविता कधी एकीपाठोपाठ एक अशा उभ्या राहून वाचल्या नव्हत्या. बाडात त्या एकमेकींच्या आड होत्या.

“ही?” कुमुदने पुढचा कागद पाण्यातच धरून विचारले. पाण्यातून मला पहिली ओळ दिसली. “नको,” मी म्हणाले.

तो माझा आवाज होता, हे मला क्षणभराने समजले. कुमुदही दचकली. तिने दुसरा उचलला. त्यावर एका मासिकात छापून आलेली, पुष्कळांनी नावाजलेली कविता होती. कुठल्याही निवडीत मी तिला पहिली घातली असती. ओल्या कागदावर ती मला एखाद्या परक्या बाईच्या दागिन्यासारखी वाटली, सुंदर आणि माझी नसलेली. “राहू दे.” पुढची मात्र आठ ओळींची, कधी कुणाला न दाखवलेली, आजारपणात पेन्सिलीने लिहिलेली. “ही घे. सांभाळून.” पेन्सिलीचे एकही अक्षर हलले नव्हते.

असे किती वेळ चालले कोण जाणे. ऊन भिंतीवरून सरकत होते. एका कागदानंतर माझा हात आपोआप मागे आला, पोट भरल्यावर ताटावरून येतो तसा. मी भिंतीकडे पाहिले. माझे तेवीस कागद तिथे होते. भिंत निम्म्याहून अधिक मोकळी होती आणि कुंडी अजून भरलेली.

“पुरे,” मी म्हणाले.

बाडाला ट्रंक म्हणणारी कुमुद माझ्यावर अशी उसळली की मी एक पाऊल मागे सरले. “वेडी झालीस का? बारा वर्षं आहेत ती तुझी. तीन भिंती रिकाम्या आहेत, माणसं दारात उभी आहेत. काढते मी सगळे.” आणि ती पुन्हा हात बुडवू लागली. मी तिचे मनगट धरले. तिच्या बोटांच्या पेरांत निळी शाई शिरली होती. ती रडत होती. मी नव्हते, आणि याचेच मला भय वाटत होते.

चाचांनी आम्हा दोघींना बसवले. चहा आला. घाबरलेल्या माणसाने काही ठरवू नये, ते म्हणाले. कुटलेले परत येत नाही. मी अगदी प्रामाणिकपणे स्वतःत शोधून पाहिले. त्यागाची ऊर्मी आहे का? नव्हती. राग, सूड, दुखावलेपण? तेही नव्हते. शेजाऱ्यांची कीव येऊन मी थांबले का? थोडी आली होती, पण थांबले होते ती आधी. भिंतीवर जे होते त्यात मी होते, आणि कुंडीत होती ती माझी लिहीत राहण्याची सवय. कप खाली ठेवून मी म्हणाले की राहिलेले कुटा. शेजारी आपापल्या भिंतींकडे परतले. आमच्या भिंतीच्या मोकळ्या जागेवर चाचांनी दगडाखालचे त्यांचे सदतीस कागद लावले. तेवीस लिहिलेले आणि सदतीस कोरे असे ते एकाच उन्हात वाळू लागले.

तरीही चाचा ढेकीवर पाय ठेवीनात. “ज्याचं त्यानं,” एवढेच म्हणाले.

लिहिलेल्या कागदावर पाय. लहानपणी चुकून वहीला पाऊल लागले तर मी कपाळाला हात नेत असे; तो हात आत्ताही वर उठला. मी अम्मांकडे पाहिले. सकाळपासून त्या जागच्या हलल्या नव्हत्या. “देवाचं नाव काढलंय बेटी,” त्या हळूच म्हणाल्या. “आता नुसता कागद हाय.” मी चपला काढल्या, भिंतीतल्या खुंटीला धरले आणि पाय ठेवला. लाकूड गुळगुळीत होते, आणि ऊबदार. वजन टाकले, सोडले. धप्प. पायाच्या तळव्यातून तो आवाज माझ्या दातांपर्यंत आला. मग पुन्हा. काही वेळाने हमीदाबींनी मला बाजूला केले आणि त्यांच्या सरावलेल्या पायाखाली ती चाल नीट लागली.

मी अम्मांपाशी जाऊन बसले. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि विचारले, की त्या कुटलेल्या कागदांत काय लिहिले होते.

मी सांगायला तोंड उघडले. एकशे अठ्ठ्याऐंशी कविता. त्यांतल्या कित्येक मी सभांतून पाठ म्हटल्या होत्या. एकही ओळ येईना. समुद्र होता, एवढे आठवले, आणि कोणता समुद्र ते आठवेना. अम्मा वाट पाहत होत्या. मी उठले, त्यांना हात देऊन भिंतीपाशी नेले आणि पेन्सिलीची ती आठ ओळींची कविता वाचली. आधी मराठीत, मग माझ्या मोडक्या हिंदीत, अडखळत, शब्द शोधत. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर त्यांनी पुन्हा वाचायला लावली. तिसऱ्यांदा मी वाचत असताना त्यांचे ओठ हलत होते.

मी शेजारच्या कागदाकडे वळले, तशी त्यांनी माझा पदर ओढला.

“आज यवढीच बस,” अम्मा म्हणाल्या. “दुसरी ऐकली तर ही जाईल.”